एक जिना चढताना

"एक जिना चढून गेल्यावर तुम्हाला धाप लागते का?" हा प्रश्न आम्ही साखरशेतच्या एका पाड्यावर एका आजींना विचारला, तेव्हा त्या काही वेळ आमच्या तोंडाकडे नुसत्या पाहत राहिल्या. प्रश्न नीट ऐकू गेला नसावा असे समजून आम्ही तो पुन्हा, जरा मोठ्याने विचारला. आजींनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे आम्हाला कळेना. शेजारी बसलेली आमची विद्यार्थिनी, जिचे घर याच तालुक्यातले, हलक्या आवाजात म्हणाली, "सर, जिना कुठाय इथं?"

आम्ही घराकडे पाहिले. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा केलेल्या भिंती, वाकून आत जावे लागेल असे दार, आत एका कोपऱ्यात चूल. उंबरठा ओलांडण्यापलीकडे चढण्याजोगे त्या घरात काही नव्हते. मात्र दारातून समोर पाहिले की पाड्याखालची उतरण दिसत होती आणि उतरणीच्या तळाशी विहीर. आजींचा जिना तिथे होता. तो आमच्या कागदावर नव्हता, इतकेच.

हा लेख त्या कागदाविषयी आहे. त्याचबरोबर तो आणखी एका जिन्याविषयी आहे, पण त्याकडे शेवटी येऊ.

आम्ही दोघे, पती आणि पत्नी, महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांचेही शिक्षण मराठीतच झाले. फुफ्फुसांशी आमचा संबंध वर्गात तास-तासभर बोलण्यापुरताच. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर घेऊन आम्ही साखरशेतला गेलो होतो. निघण्यापूर्वी आमचे एक डॉक्टर मित्र घरी आले. छातीच्या विकारांचे ते तज्ज्ञ आहेत. शिबिरातला एक दिवस ते स्वतः तपासणीसाठी येणार होते. त्याआधी चार दिवस विद्यार्थ्यांनी पाड्यांवर फिरून, कुणाला दीर्घकाळचा खोकला वा धाप आहे याचा अंदाज घ्यावा, आणि त्यासाठी इंग्रजी वळणाचे काही प्रश्न तिथल्या माणसांना कळतील अशा भाषेत मांडून द्यावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. "भाषांतर तुमचंच काम," ते म्हणाले. आम्हालाही ते सोपे वाटले. मराठीच्या अध्यापकाला आपल्या भाषेविषयी जो एक सुखद आत्मविश्वास असतो, तो तोवर शाबूत होता.

जव्हार-मोखाडा हा भाग मोजमापाला नवखा नाही. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी या तालुक्याचे नाव सबंध महाराष्ट्रापुढे आले. तेव्हापासून, आधी ठाणे जिल्ह्यात आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात, इथल्या मुलांची वजने, उंची, दंडाचा घेर यांची नोंद होत आली आहे. त्या नोंदींमागे मोठे दुःख आहे आणि त्यांची गरज आजही संपलेली नाही. परंतु आजींच्या श्वासाची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. त्या वयाच्या बाईला धाप लागायचीच, असे त्यांच्या घरचे म्हणत होते. खरे सांगायचे तर आमचेही मत फारसे वेगळे नव्हते.

डॉक्टरांनी दिलेल्या प्रश्नांचा इतिहास आम्ही पुढे सवडीने वाचला. तो एखाद्या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासासारखाच निघाला, म्हणून थोडा सांगतो. श्वास मोजण्याचे आधुनिक यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये लोकांपुढे मांडले. पाण्यावर तरंगणारे एक उलटे भांडे, त्यात नळीने फुंकायचे. भांडे जितके वर उचलले जाईल तितकी फुफ्फुसांची ताकद. त्याने दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकायला लावले. एका दमात बाहेर टाकता येणाऱ्या हवेला त्याने जे नाव दिले त्यात 'जीवन' या अर्थाचा शब्द होता, आणि आयुर्विमा कंपन्यांना या मापाचा उपयोग होईल असेही त्याला वाटत होते. माणूस किती जगेल हे त्याच्या फुंकेवरून ओळखावे, असा तो विचार.

पण माणूस कसा जगतो हे फुंकेवरून कळत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये चार्ल्स फ्लेचर वेल्सच्या कोळसा खाणकामगारांच्या छातीच्या आजारांचा अभ्यास करत होते. धापेच्या पायऱ्या ठरवण्याची जी पद्धत त्या कामातून आली ती अजून वापरात आहे. ती यंत्राला विचारत नाही, माणसाला विचारते. भरभर चालताना किंवा चढावर धाप लागते का? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांपेक्षा मागे पडता का? शंभरेक मीटर चालून थांबावे लागते का? कपडे घालताना-काढतानाही धाप लागते का, घराबाहेर पडणे थांबले आहे का? एकूण पाच पायऱ्या. एका माणसाचे जग किती आकसले, हे त्या पाच वाक्यांत दिसते.

पुढची मोठी पायरी १९९२ मधली. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात पॉल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत: लक्षणे, हालचाल, आणि आजाराचा एकूण जगण्यावर झालेला परिणाम. उत्तरांवरून शून्य ते शंभर असा अंक निघतो. शून्य म्हणजे उत्तम, शंभर म्हणजे सर्वांत वाईट. चार अंकांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याइतका मानतात. प्रत्येक उत्तराला वेगळे वजन आहे आणि ते वजन डॉक्टरांनी आपल्या मनाने ठरवलेले नाही. अमुक त्रास किती क्लेशकारक वाटतो हे रुग्णांनाच विचारून ते काढले आहे. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. आकड्याच्या आत कुणाची तरी वाणी दडलेली असते, हे साहित्याच्या माणसाने सहसा लक्षात घेतलेले नसते. आणि आणखी एक: यंत्रावरचा अंक आणि या प्रश्नावलीतला अंक यांचे नाते बरेच सैल असल्याचे पुन्हापुन्हा आढळले आहे. यंत्रावर सारखीच फुंक निघालेली दोन माणसे अगदी वेगवेगळी आयुष्ये जगत असतात. यंत्र हवा मोजते. हवा कमी पडल्यावर माणूस काय काय सोडून देतो ते त्याला दिसत नाही.

आमच्याकडे आलेले प्रश्न याच वळणाचे होते. शिबिराच्या पहिल्या रात्री, शाळेच्या वर्गखोलीत कंदिलाएवढ्या उजेडाच्या दिव्याखाली, आम्ही ते मराठीत आणायला बसलो. पहिल्याच शब्दाला अडलो.

'श्वास घ्यायला त्रास होतो का' हे वर्तमानपत्री मराठी. तसे कुणी बोलत नाही. 'धाप लागते का' हे ठीक, पण आमची विद्यार्थिनी म्हणाली की धाप धावल्यावर लागते, आणि ती सगळ्यांनाच लागते. तो आजार कसा होईल? मग 'दम लागतो का' असे लिहिले. त्यावर ती म्हणाली, "मॅडम, दम म्हटलं की त्यांना दमा ऐकू येईल. दमा आहे असं कोण सांगेल? घरात लग्नाची मुलगी असली तर?" हे आम्हाला सुचले नसते. 'दम' हा शब्द आम्ही वर्गात कितीदा तरी शिकवलेला. संस्कृतातला दम म्हणजे इंद्रियनिग्रह. फारसीतला दम म्हणजे श्वास. आणि मराठीत हे दोन्ही प्रवाह असे मिसळले आहेत की 'दम धर' म्हणताना आपण श्वास आवरायला सांगतो की मन, हे सांगता येऊ नये. दम लागतो, दम घेतात, दम देतात, दम भरतात, दम निघत नाही. आणि 'दमले' हा तर बायकांचा रोजचा शब्द. संध्याकाळी घरोघर ऐकू येतो. आता आमच्या ध्यानात आले की आजाराला लपायला याहून सोयीची जागा नाही. बाई 'दमले' म्हणते, ऐकणारा 'बस जरा' म्हणतो, आणि दोघांनाही वाटते की बोलणे पूर्ण झाले.

शेवटी विद्यार्थिनीनेच तोड काढली. शब्द विचारायचा नाही, काम विचारायचे. विहिरीवरून भरलेला हंडा घेऊन वर येताना मध्ये किती वेळा थांबता? पूर्वी किती वेळा थांबत होता? लाकडाची मोळी कोण आणते? नागली कोण दळते? आमच्या कागदावरच्या जिन्याची अशी उतरण झाली. मात्र पहिल्या दिवशी सवयीने आमच्या तोंडून जिनाच बाहेर पडला, ते वर सांगितलेच.

मूळ प्रश्नावलीत एके ठिकाणी टेकडी चढणे, जिन्यावरून सामान वाहून नेणे, बागेतले हलके काम, नृत्य, गोल्फ अशा गोष्टी एका ओळीत येतात. गोल्फ आम्ही हसत हसत खोडला. त्याच ओघात नृत्यही खोडले. साठी ओलांडलेल्या बाईला नृत्याचे काय विचारायचे. ती इंग्रज म्हाताऱ्यांची हौस, असे आम्हाला वाटले. विद्यार्थिनी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर तिने आपल्या प्रतीत तो प्रश्न पुन्हा लिहून घेतला होता: तारप्यावर शेवटी कधी नाचलात?

तारपा हे या डोंगरांतले वाद्य. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांचा तो लांबलचक कर्णा वाजवणारा सूर तुटू न देता फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती स्त्री-पुरुष फेर धरतात. वारली चित्रांतला तो सर्पिल फेर आता शहरातल्या दिवाणखान्यांतही पोचला आहे. जव्हार तालुक्यातल्याच वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. उतारवयातही त्यांचा दम टिकून आहे. एवढे सगळे ठाऊक असूनही साखरशेतला बसून आम्ही नृत्य हा शब्द परका म्हणून खोडला होता. परके कोण होते, याचा निर्णय वाचकांनी करावा.

आता आजींकडे वळतो. त्यांची बोली आमच्या लेखणीतून नीट उतरणार नाही, म्हणून त्यांच्या बोलण्याचा आशय तेवढा सांगतो. खोकला? असतो थोडा, थंडीत. कफ? सकाळी. धाप? नाही. रात्री झोपमोड? नाही. छातीच्या त्रासाने कोणते काम अडते? कोणतेच नाही. लोकांत खोकला आला तर लाज वाटते का? यावर त्या हसल्या. आमच्या पद्धतीने गुण दिले असते तर आजी जवळजवळ निरोगी ठरल्या असत्या. आणि आम्ही समोर बसून पाहत होतो की एक वाक्य पुरे करताना त्या मध्ये दोनदा थांबत होत्या.

विद्यार्थिनीने कागद बाजूला ठेवला आणि कालच्या दिवसाविषयी विचारायला सुरुवात केली. पाणी कोणी आणले? सुनेने. कधीपासून सून आणते? दोन पावसाळे झाले. बहिणीच्या गावी? तीन वर्षांत जाणे झाले नाही. वाटेत घाट लागतो. शेतावर? राबाचा पालापाचोळा आता नातू तोडतो. मग दिवसभर आजी काय करतात? चुलीजवळ बसतात. ते एक काम बसून होते, म्हणून घरच्यांनी तेच त्यांच्याकडे ठेवले आहे. आणि तारप्यावर? आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, धाकट्या दिराच्या लेकाचे लग्न झाले तेव्हा फेरात शिरले होते, मध्येच सुटले. त्यानंतर नाही.

इतका वेळ सारी उत्तरे 'नाही' अशी होती आणि ती खोटी नव्हती. छातीमुळे कोणतेही काम अडत नव्हते, कारण अडेल असे प्रत्येक काम त्यांनी आधीच सोडून दिले होते. प्रश्नावलीच्या अखेरीस असा एक प्रश्न असतो की, जे करावेसे वाटते त्यापासून हा आजार तुम्हाला किती रोखतो. तो विचारल्यावर आजींनी उलट विचारले, आता करावेसे काय वाटायचे आहे? आम्ही निवेदनाचे तंत्र शिकवतो, अविश्वसनीय निवेदक म्हणजे काय हे उदाहरणे देऊन समजावतो. आजी अविश्वसनीय निवेदक नव्हत्या. प्रश्नच अशा 'मी'ला विचारला होता जिला स्वतःच्या इच्छा वेगळ्या काढून मांडायची सवय आहे. ती सवय नसलेल्या माणसाच्या तोंडी तोच प्रश्न वेगळा होतो.

सर्वांत कडवट गोष्ट ही की श्वास कमी पडू लागल्यावर आजींच्या वाट्याला जे एकमेव काम उरले ते चुलीचे होते. त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नव्हती. आपल्याकडे हा आजार म्हटला की विडी-सिगारेट आठवते आणि विचारणारा तिथेच थांबतो. दिल्लीत डॉ. पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी १९५९ मध्ये फुफ्फुसविकारामुळे हृदय निकामी होत गेलेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. धूम्रपान न करणाऱ्या बायकांतही हा आजार कमी नाही, हे त्यातच पुढे आले होते. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजून १९८३ मध्ये मांडले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की जगभरातल्या या रुग्णांपैकी पंचवीस ते पंचेचाळीस टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. आणि तेव्हा तंबाखू ओढणारे सुमारे एक अब्ज होते, तर लाकूड, शेणी, पालापाचोळा यांच्या धुरात जगणारे सुमारे तीन अब्ज होते. भारतात या आजाराचे रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाल्याचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसंख्या वाढली, माणसे अधिक जगू लागली, हेही त्यामागे आहे. तरीही संख्या लहान नव्हे.

आजींच्या घरात गॅसची टाकी होती. कोपऱ्यात, स्वच्छ पुसलेली. ती पाहुण्यांच्या चहासाठी. टाकी संपली की पुन्हा भरायला रोख पैसे लागतात आणि लाकडाला ते लागत नाहीत. शिवाय धुराचेही काही काम असते: वर टांगलेले बियाणे त्यात टिकते, छपराच्या बांबूला कीड लागत नाही, थंडीत घर उबदार राहते. ज्याने घर राखले जाते त्यानेच घरातले माणूस झिजते. आणि हे घरातल्यांना कळत नाही असे समजणे हा आपला शहरी उद्धटपणा. त्यांना ते कळते. दुसरा मार्ग हाताशी नसतो, एवढेच.

पाचव्या दिवशी डॉक्टर यंत्र घेऊन आले. हचिन्सनचे भांडे आता तळहातावर मावते. त्यात छाती भरून श्वास घेऊन जोराने, निदान सहा सेकंद फुंकत राहायचे. आणि असे तीनदा तरी नीट व्हावे लागते. पहिल्या सेकंदात एकूण हवेचा किती भाग बाहेर पडला ते पाहतात. औषधाचा फवारा देऊनही तो सात-दशांशापेक्षा कमी राहिला तर श्वासनलिकांत कायमचा अडथळा आहे असे समजतात. आजींना ते जमेना. नळी तोंडात धरली की त्या संकोचून हळूच फुंकत. डॉक्टरांनी मराठीतून, मग खुणांनी सांगून पाहिले. तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, "आजी, लाकडं ओली हायेत. फुंकणी घे नि फुंक."

आजींनी नळी धरली ती फुंकणीच्याच पकडीने. पुढे वाकल्या, डोळे मिटले, आणि फुंकल्या. यंत्राने मान्य करावे असे तीन प्रयत्न लागोपाठ झाले. तिसऱ्यानंतर त्या बराच वेळ खोकत राहिल्या. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला. तो असायला हवा त्याच्या पुष्कळ खाली होता. मोठ्या दवाखान्यात जाऊन पुन्हा नीट तपासणी करायला हवी, असे त्यांनी आजींच्या मुलाला समजावून सांगितले.

त्या रात्री आम्ही डॉक्टरांशी भांडलो म्हटले तरी चालेल. प्रश्नावली किती तोकडी आहे, माणसाचे जगणे शून्य ते शंभरात कसे बसवता, असे आम्ही तावातावाने बोललो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुम्ही लोक गोष्ट लिहाल, ती चांगली असेल, लोक हळहळतील. पण औषधानं आजींचं जगणं सुधारलं की नाही, हे पुढच्या वर्षी मी कशावरून ठरवू? हळहळीवरून?" पुढे त्यांनी असेही सांगितले की आम्ही बदललेले प्रश्न आता मोजपट्टी म्हणून उपयोगाचे राहिलेले नाहीत. मोजपट्टी बदलायची तर तीही शिस्तीने बदलावी लागते: भाषांतर करायचे, दुसऱ्या कुणी ते उलट मूळ भाषेत न्यायचे, ताडून पाहायचे, मग पुष्कळ माणसांवर पारखायचे. जिन्याऐवजी विहीर घातली की वजनही बदलते. "तुमच्या नोंदी मला हव्या आहेत," ते म्हणाले, "फक्त त्यांना गुण देऊ नका."

आम्हाला हे मान्य करावे लागले. मोजणे म्हणजे माणसाला आकडा करणे, अशी एक समजूत आम्हा साहित्यवाल्यांत मुरलेली आहे. साखरशेतला ती ढिली झाली. ज्याने प्रथम यंत्रापाशी न थांबता 'सांगा, तुमचं काय काय सुटलं' असे विचारायचे ठरवले, त्याने केलेले काम ऐकण्याचेच होते. उणीव मोजण्यात नाही. ज्याच्या दिवसाची आपल्याला माहिती नाही त्याला आपल्या दिवसातले प्रश्न विचारण्यात ती आहे. आणि ती उणीव गोष्ट लिहिणाऱ्याच्या हातूनही तितकीच घडते.

आता तो दुसरा जिना.

आई, म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि एकीची सासू, मराठवाड्यातल्या एका खेड्यात चाळीस वर्षे पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीवर स्वयंपाक करून आमच्याकडे राहायला आली. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. आई खाली देवळात जाई आणि परतताना पहिल्या मजल्यावर हमखास थांबे. तिथल्या काकूंची तुळस पाही, त्यांच्या नातवाची चौकशी करी, पदर नीट करी. वर यायला तिला वीस-पंचवीस मिनिटे लागत. आम्ही घरात हसून म्हणत असू, आईंना बोलायला फार लागतं. कधी कधी त्यावरून जरा चिडलोही होतो, कारण किल्ली तिच्याकडे असे आणि आम्ही दाराशी उभे. पुढे तिचे देवळात जाणे कमी झाले. गुडघे दुखतात, म्हणाली. मग ती गॅलरीतूनच हात जोडू लागली. विचारले की तिचे उत्तर ठरलेले: "मला काही होत नाही. थोडी दमते, एवढंच." २०११ च्या पावसाळ्यात न्यूमोनियाचे निमित्त झाले आणि आठ दिवसांत ती गेली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी छातीचे चित्र पाहून विचारले होते, यांना धापेचा त्रास किती वर्षांपासून? आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, त्रास असा काही नव्हता.

साखरशेतच्या आजींना जो प्रश्न गैरलागू होता, तो आमच्या घरात अक्षरशः लागू होता. एक जिना चढून गेल्यावर तुम्हाला धाप लागते का? भाषांतराचीही गरज नव्हती. जिना होता, आई होती, आणि तिचे उत्तर ती रोज पहिल्या मजल्यावर थांबून देत होती. विचारणारेच नव्हते. दोन मराठीचे अध्यापक त्या घरात राहत होते. 'दमते' या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे ते समजत होते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्ही आजींचा निरोप घ्यायला गेलो. त्या चुलीपाशी होत्या. आम्हाला पाहून उठू लागल्या. आम्ही बसा म्हणालो. सुनेने पाहुण्यांसाठी म्हणून कोपऱ्यातली गॅसची टाकी पुढे ओढली. आम्ही चहा घेतला. तो होईपर्यंत चूल पेटवली नव्हती, आणि तेवढा वेळ घरात धूर नव्हता.

पुढच्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, आम्ही पुन्हा गेलो. आजी दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. फवारा मिळाला होता, तो संपला की आणायला मुलाला मजुरी बुडवावी लागते, म्हणून त्या जपून वापरत होत्या. "बऱ्या आहात ना?" हे ओठांवर आलेले वाक्य आम्ही गिळले. त्याचे उत्तर आम्हाला माहीत होते. "काल दिवसभरात काय काय केलंत?" असे विचारले आणि जमिनीवर बसलो. आजींनी सांगायला घेतले. बहिणीकडे अजून गेलेल्या नव्हत्या. मात्र आदल्या दिवशी विहिरीपर्यंत उतरल्या होत्या, रिकाम्या हाताने, आणि वर येताना चार ठिकाणी थांबल्या होत्या. त्या चारही जागा त्यांनी बोट दाखवून सांगितल्या.

विद्यार्थिनीने ते लिहून घेतले. चार.